कातड्यापासून इंचभर

माझ्या आयुष्यात अभिमानानं सांगावी अशी एकच गोष्ट आहे आणि ती खोटी आहे.

ती गोष्ट अशी की मी शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होतो. बँडमध्ये होतो हे खरं. गळ्यात ड्रम होता हेही खरं. पांढरी पँट, लाल पट्टा, डोक्यावर तिरकी टोपी, सगळं खरं. फक्त मी तो ड्रम वाजवत नव्हतो.

घोडेगावच्या पुढं एका टेकडीवर मिशनची शाळा होती. आसपासच्या गावांत तेव्हा सातवीच्या पुढं शाळाच नव्हती, म्हणून आम्हा शेतकऱ्यांची पोरंही तिथल्याच बोर्डिंगात राहायची. याकोब मास्तर पलटणीतून निवृत्त होऊन तिथं आले आणि येताना कुठूनतरी सहा ड्रम घेऊन आले. बिगूल नाही, बाजा नाही, नुसते सहा ड्रम. शाळेत पोरं दोनशे. सगळ्यांनाच ड्रम पाहिजे. मास्तरांनी सहाजण निवडले, त्यांत मी. मला का निवडलं असेल ते तेव्हा कळलं नाही. मी उंच होतो, अंगानं बरा होतो, आणि तिरकी टोपी मला शोभायची, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण खरं ते खरं.

कातडी फाटतील म्हणून रोजचा सराव विटांवर. एकेकाला बोलावून मास्तर विटेवर काड्या आपटायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. माझं ऐकताना ते डोळे जरा जास्तच घट्ट मिटायचे. पहिल्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला चिंचेखाली बाजूला घेतलं.

"काका," ते म्हणाले, माझं नाव काकासाहेब, "तुझे हात फार झोकात चालतात. लोकांना ते दिसले पाहिजेत. म्हणून तुला पुढं ठेवलाय."

मी फुगलो.

"फक्त काडी कातड्याला लावू नकोस. इंचभर वर ठेव. बाकीचे पाचजण वाजवतील. आणि हे कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. ते त्यांच्या देवाची घे म्हणाले असते तर त्याचीही घेतली असती, पण त्यांनी माझ्या आईची घ्यायला लावली. त्यामुळे ती मोडायची सोयच राहिली नाही.

तीन वर्षं मी हवा बडवली. पुढं आम्ही दोघं, मी आणि कानिफनाथ. मधे तिघं, गहिनीनाथ, शमुवेल आणि लहानू. सगळ्यात मागं एकटा छगन. "नजर समोर" हा मास्तरांचा पहिला कायदा. मान वळली की संध्याकाळची भाकरी बंद. त्यामुळे कोण काय करतंय ते कुणीच कधी बघितलं नाही. मागून तो ताशीव आवाज यायचा, माझे हात त्याच्याबरोबर खालीवर व्हायचे, रस्त्याच्या कडेच्या बायका माझ्याकडे बघायच्या. खोटं सांगत नाही, थोड्या दिवसांनी मलाच वाटायला लागलं की आवाज माझाच आहे.

मग माझं लग्न ठरलं. सासरे शेवगावकडचे, गाण्याबजावण्याचे शौकीन. मुलगा बघायला आले तेव्हा आमच्या चुलत्यांनी पानाचा तोबरा सावरत सांगितलं, "पोरगं शाळंच्या ब्यांडात सगळ्यात म्होरं ड्रम वाजवतं." चुलत्यांच्या या वाक्यात खोटा शब्द एकच होता. सासऱ्यांनी तिथंच सुपारी फोडायला सांगितली. पुढच्या वीस वर्षांत ही गोष्ट माझ्याच तोंडून वाढत गेली. मिरवणुकीत माझी पाठ थोपटणारा माणूस आधी शाळा तपासणीस होता, मग मामलेदार झाला, मग कलेक्टर. बायको विजयमाला मळ्यातल्या बायकांना सांगायची तोवर तो राज्यपाल झालेला असायचा. मी खाली मान घालून "जाऊ द्या हो" म्हणायचो. त्यानं गोष्ट आणखी पक्की व्हायची.

बाकी माझ्याजवळ मिरवायला होतं तरी काय? सरपंचकीला उभा राहिलो, पडलो. विहीर खणली, खडक लागला. गावच्या सोसायटीचा चेअरमन झालो तोही दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. घरात माझ्या शब्दाला जी काय किंमत होती ती त्या ड्रममुळे होती.

त्र्याहत्तर साली पाऊस झाला. त्याआधीच्या साली सगळा जिल्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होता, आम्हीही होतो, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. टेकडीवरच्या ख्रिस्ती मंडळींचा दर साली एक सण असतो. उपकारस्तुतीचा सण. हंगाम निघाला की पहिली कणसं, भोपळे, कोंबड्या, काय असेल ते गाडीत घालून वाजतगाजत देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, न्यायचं आणि देवाचे आभार मानायचे. दुष्काळात तो सण झालाच नव्हता. म्हणून या खेपेला दुप्पट करायचा असं ठरलं. आणि तिथल्या पाळकसाहेबांचं मला कार्ड आलं.

"आपण आमच्या जुन्या बँडचे प्रमुख होता असे सर्वत्र ऐकतो," त्यांनी लिहिलं होतं. "सहाही ड्रम कपाटात सुखरूप आहेत. आपल्या सोबत्यांना जमवून मिरवणुकीत पुन्हा वाजवावे. याकोब मास्तर दोन वर्षांपूर्वी प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या आत्म्याला आनंद होईल."

सर्वत्र ऐकतो! आपण आपल्या घरात मारलेली थाप टेकडीवर जाऊन पोचली होती. मी कार्ड लपवणार होतो, पण पोस्टमननं ते विजयमालेच्या हातात दिलं होतं आणि तिनं ते शेजारच्या कडूबाईला वाचून दाखवलं होतं. दुपारपर्यंत गावाला कळलं. संध्याकाळपर्यंत माझ्या दोन्ही मेहुण्यांना निरोप गेला.

रात्रभर विचार करून मला एक गोष्ट सुचली आणि लाज वाटावी इतका आनंद झाला. माझं गुपित माहीत असलेला एकच माणूस होता आणि तो गेला होता. बाकीचे पाचजण वाजवतील, मी हात हलवीन. तीन वर्षं जमलं ते एक सकाळ जमणार नाही?

फक्त छगनचं काय करायचं हा प्रश्न होता. मधल्या तिघांना पुढच्यांच्या पाठीच दिसायच्या, पण तो सगळ्यात मागं एकटा, कडेला सरकून बघायला मोकळा. त्याला माझे हात दिसले असणार. कधी बोलला नाही, पण दिसले असणार. एवढ्या वर्षांनी पाचपंचवीस माणसांत हसत हसत बोलून गेला तर?

मी चार कार्डं लिहिली. छगनला लिहिलं नाही.

आणखी एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. छगन मातंग वस्तीतला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हलगी. शाळेत आम्ही एका पंगतीला जेवलो, एका घोंगडीवर झोपलो, तेव्हा काही वाटलं नाही. पण आता मी सोसायटीचा चेअरमन, मेहुणे बघायला येणार, आणि मी त्याच्या खांद्याला खांदा लावून चालणार? कमीपणा वाटला. हे मी कुणाजवळ बोललो नाही. मनाशीसुद्धा "पत्ता सापडत नाही" असंच म्हणालो. त्याचा चुलता दर शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात, मी म्हशी बघायचो तिथून वीस पावलांवर, बसलेला असायचा.

पँट शिवायला टाकली. शाळा सोडल्यापासून मी धोतरात. शिंप्यानं माप घेतलं, टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा माप घेतलं. "शेट, बसून वाजवायचंय का हुबं राहून?" त्यानं विचारलं. उभं राहून म्हटल्यावर त्यानं कापड वाढवून मागितलं.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी आम्ही पाचजण शाळेच्या पटांगणात जमलो. कानिफनाथ ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम झालेला, आवाज बसलेला. गहिनीनाथ बैलांचा व्यापारी, बोलता बोलता समोरच्या माणसाचेही दात बघायचा. शमुवेल मास्तरकी करत होता आणि लहानूची पिठाची गिरणी होती. मिठ्या मारल्या. एकमेकांच्या पोटांवर बोललो. पाळकसाहेबांनी कपाट उघडलं, ड्रम काढले. पट्टे कुणालाच पुरेनात. शेवटी बैलगाडीचं दोरखंडाचं सोल कापून जोड दिले.

"येकदा वाजवून बघायचं का?" मी म्हणालो. म्हणणं भागच होतं, प्रमुख मी.

"कशापायी?" कानिफनाथ घाईनं म्हणाला. "हातात बसल्यालं हाय."

"सकाळचं कातडं गार असतं," गहिनीनाथ म्हणाला. "उगा फुटायचं."

"लोकांना आधीच ऐकवलं तर मजा काय राहिली?" शमुवेल म्हणाला.

लहानू एकदम लघवीला गेला.

मला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. काय शहाणे मित्र आहेत, असं मला वाटलं. आपली माणसं शेवटी आपली असतात.

सहावा ड्रम उरला. पाळकसाहेबांनी त्याला झेंडूचा हार घातला आणि मास्तरांची आठवण म्हणून तो पहिल्या गाडीत, भोपळे आणि बाजरीच्या पेंढ्यांच्या मधे ठेवला. "छगन न्हाई आला व्हय?" कानिफनाथनं विचारलं. "पत्ता घावला न्हाई," मी म्हणालो. "जाऊ दे, येका मानसानं काय हुतंय," तो म्हणाला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. मेहुणे फेटे बांधून आलेले. विजयमाला हिरवं लुगडं नेसून पुढंच उभी, शेजारी चार अनोळखी बायका, आणि ती माझ्याकडे बोट करून त्यांना काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते मला ऐकू न येताही पाठ होतं.

आम्ही उभे राहिलो. पुढं मी आणि कानिफनाथ, मागं तिघं. नजर समोर. पाळकसाहेबांनी हात वर केला आणि खाली आणला. माझे हात सुटले. काय झोकात सुटले! मनगटं सैल, कोपरं बाहेर, काड्या कातड्यापासून बरोब्बर इंचभर वर. वीस वर्षांत काही विसरलो नव्हतो. पाय निघाले, डावा, उजवा, डावा.

आवाज आला नाही.

मला आधी वाटलं कानांना दडे बसले. पण गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. पाटीतली कोंबडी ओरडली ती ऐकू आली. मी जन्मात पहिल्यांदा मास्तरांचा कायदा मोडला आणि डावीकडे बघितलं. कानिफनाथच्या काड्या भराभर चालल्या होत्या. कातड्यापासून इंचभर वर. त्यानंही त्याच क्षणी माझ्या ड्रमकडे बघितलं. आम्ही दोघांनी मागं बघितलं. सहा काड्या हवेत नाचत होत्या आणि तीन माणसं एकमेकांच्या ड्रमांकडे डोळे फाडून बघत होती.

"तुलाबी?" कानिफनाथ पुटपुटला.

"चिचंखाली," मी म्हणालो. "आईची शपथ घातली."

"मला बापाची."

मागून लहानूचा आवाज आला, "मला वाटायचं मी येकलाच."

पाच माणसं, पाच ड्रम, पाच पांढऱ्या पँटी, आणि रस्त्यावर पावलांचा आवाज. मास्तरांनी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून तेच सांगितलं होतं. आणि आम्ही प्रत्येकानं, आपल्यासारखा ढोंगी दुसरा कुणी नाही अशी खात्री धरून, आयुष्य काढलं होतं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "वाजवा की वं!" कुणीतरी ओरडलं. मी तिथंच चक्कर येऊन पडायचं ठरवलं. कोणत्या बाजूला पडावं एवढाच विचार करत होतो.

तेवढ्यात पाळकसाहेबांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "या जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या मास्तरांसाठी ड्रम मुके ठेवले आहेत. आपणही दोन मिनिटं शांत राहू या."

फेटे, टोप्या उतरल्या. बायकांनी पदर घेतले. माझा थोरला मेहुणा, जो स्वतःच्या चुलत्याच्या मयतीला रडला नव्हता, त्यानं डोळे पुसले. आणि आम्ही पाचजण दोन मिनिटं जागच्या जागी हवा बडवत राहिलो. त्या दोन मिनिटांइतका मान मला आयुष्यात मिळालेला नाही.

पण मिनिटं दोनच होती. ती संपली की वाजवायला लागणार होतं. आणि तेव्हाच मला छगन दिसला.

तो गर्दीच्या टोकाला उभा होता. शर्ट धुतलेला, केस पिकलेले, शेजारी त्याची बायको चांगुणा. कुठून तरी ऐकून आला असणार. त्यानंही मान खाली घातली होती. माझ्या डोक्यात सगळं एका झटक्यात बसलं. आम्ही पाचजण वाजवत नव्हतो, तर तीन वर्षं मागून तो आवाज कुठून येत होता?

मी रांग सोडली. पहिल्या गाडीतून हार काढून सहावा ड्रम उचलला आणि गर्दीत शिरलो. मोठेपणानं गेलो असं म्हणायचा मोह होतो, पण खरं कारण भीती होतं.

"छगन, चल," मी म्हणालो.

त्यानं ड्रमकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरून आले. "म्हंजी माझ्यासाठी थांबला व्हय समदे? काकासाहेब, तुमी माझ्यासाठी मिरवनूक थांबिवली?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते अजूनही मला माहीत नाही.

तो सगळ्यात मागं, त्याच्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. आणि मग त्यानं वाजवलं. काय वाजवलं ते लिहून सांगता येणार नाही. एका ड्रममधून सहा ड्रमांचा आवाज निघत होता, मधेच हलगीची थाप घुसत होती, बैलांनी कान टवकारले, म्हाताऱ्यांचे पाय रस्त्यावर हलायला लागले. आम्ही पाचजण हात हलवत राहिलो. देवळापर्यंत लोकांनी आमच्यावर झेंडू उधळला. माझ्यावर सगळ्यात जास्त, कारण मी पुढं होतो. मेहुणे ओरडत होते. विजयमाला रस्त्याच्या कडेनं माझ्याबरोबर चालत होती आणि तिचा चेहरा लग्नात होता तसा दिसत होता.

थाप वाचली होती. आता तोंड मिटून घरी जायचं एवढंच उरलं होतं.

देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना गूळपाणी वाटत होते. आत प्रार्थना झाली की मिरवणूक परत शाळेला जायची होती. छगन घाम पुसत आमच्याजवळ आला. विजयमालाही आली.

"वैनी," तो तिला म्हणाला, "तुमच्या मालकांच्या जिवावर मी वाजवायचो बरं का. मास्तर मला म्हनायचे, छगन, तू आपला मागं ऱ्हा, म्होरच्यांचा हात धरून चाल. मला लई भ्याव वाटायचं, माझ्यापाई यांचं बिघडंल म्हनून. शाळा सुटल्यावर म्हनलं, आपल्याला काय ते येवढं जमत न्हाई. पुन्ना काडी धरली न्हाई मी. आज वीस वर्सांनी धरली."

"मग काय करतोस?" शमुवेलनं विचारलं.

"खडी फोडली, ऊस तोडला. काय करायचं मानसानं."

विजयमाला कौतुकानं माझ्याकडे बघत होती. "आमचे हे हायतच तसे," ती त्याला म्हणाली. "पर तुमीबी बरं वाजवता की."

बरं वाजवता! कानिफनाथनं गुळाच्या पाण्यात तोंड घातलं. गहिनीनाथ बैलांकडे बघायला लागला. कुणीच बोलणार नव्हतं. मीही बोलणार नव्हतो, देवाशप्पथ. पण तो माणूस मला हात जोडून उभा होता आणि ते मला सहन होईना.

"छगन," मी म्हणालो, "आम्ही कुणीच वाजवत नव्हतो."

"आज व्हय. मास्तरांसाठी. आयकलं मी."

"आज नाही. कधीच नाही. मी काडी कधी कातड्याला लावलीच नाही. यांनीही नाही. मास्तरांनी आम्हाला नको म्हणून सांगितलं होतं. सगळा बँड तू एकटा होतास."

विजयमालेनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून राज्यपाल गेले, कलेक्टर गेले, मामलेदार गेले, सगळे ओळीनं उतरून गेले.

छगननं चौघांकडे एकेक करून बघितलं. चौघांनी माना खाली घातल्या. मग तो हसायला लागला. पायरीवर बसला, मांडीवर हात मारमारून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आयकलं का चांगुणे? येकला! ही येवढी मोठी मानसं, आन् वाजवत हुतो मी येकला! आन् मी आपला भ्यायचो!" चांगुणाही पदर तोंडाला लावून हसत होती. आम्हीही हसायला लागलो. मला वाटलं सुटलो.

हसता हसता तो थांबला.

"मग मला कार्ड का न्हाई आलं?"

"पत्ता घावला न्हाई तुझा," कानिफनाथ चटकन म्हणाला. मी त्याला तेच सांगितलं होतं, त्याची काही चूक नव्हती.

छगननं त्याच्याकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"पत्ता माहीत होता," मी म्हणालो. "मी लिहिलं नाही. तू मागून माझे हात बघितले असशील, चारचौघांत बोलशील, अशी भीती वाटली. आणि..."

"आन् काय?"

मेहुणे शेजारीच उभे होते. मला ते पुढचं बोलता आलं नाही. बोलायची गरजही नव्हती, कारण छगन मेहुण्यांकडे आणि त्यांच्या फेट्यांकडे बघत होता आणि त्याला ते कळत होतं. असल्या गोष्टी त्याला आमच्या आधी कळायच्या.

"तुजे हात मी कवाच बघितलं न्हाईत," तो म्हणाला. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच तो मला अरे-तुरे बोलला. "मी मास्तरांचं आयकायचो. नजर समोर."

त्यानं गळ्यातला ड्रम काढला आणि पायरीवर नीट ठेवला. "परतीचं तुमी वाजवा," तो म्हणाला. "आता लावा कातड्याला. मास्तर न्हाईत आडवायला."

"छगन, गूळपाणी तरी घे," मी म्हणालो. माणसाला अशा वेळी काय सुचेल सांगता येत नाही.

"घितलंय," तो म्हणाला, आणि चांगुणाला घेऊन टेकडी उतरायला लागला. खाली रस्त्यावर घोडेगावची एसटी थांबायची.

पाळकसाहेब बाहेर आले. गाड्या वळल्या. लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सरकले. कानिफनाथ माझ्या कानात म्हणाला, "काय करायचं? पुन्ना दोन मिन्टं?" मी विजयमालेकडे बघितलं. ती मेहुण्यांच्या पलीकडे जाऊन उभी होती.

"अवं," ती तिथूनच म्हणाली, "त्यो मानूस चाललाय की."

पाळकसाहेबांचा हात खाली आला आणि मी काडी कातड्याला लावली. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. जो आवाज निघाला तो ऐकून मला मास्तरांचे मिटलेले डोळे आठवले. मग कानिफनाथनं लावली, मग मागच्या तिघांनी. पाचांचे पाच ताल. बैल बिथरले, लोक आधी गप्प झाले, मग हसायला लागले. थोरल्या मेहुण्यानं फेटा काढून काखेत धरला. हसू दे म्हटलं. मी आणखी जोरात वाजवायला लागलो.

टेकडीवरून खालचा रस्ता स्पष्ट दिसत होता. छगन पुढं, चांगुणा दोन पावलं मागं. आवाज तिथवर जात होता, जाणारच, पाचजण जीव खाऊन बडवत होतो. तो वळून बघेल, निदान हसेल, असं मला वाटत होतं. काडी मोडेपर्यंत मी वाजवलं. एसटी आली, चांगुणा चढली, मग तो चढला. त्यानं बघितलं नाही.